‘लिहिलंय कुठं?’ : विकिपीडिया आणि प्राध्यापकांचं भांडण



आजचा विषय मोबाईलचाच आहे, पण पैसे पाठवण्याचा किंवा ओटीपीचा नाही. आज माहितीबद्दल बोलू.

पोरांना शाळेतून प्रकल्प मिळतो. अमक्याची माहिती लिहून आणा. पोरगी आईचा मोबाईल घेते, नाव टाकते आणि सगळ्यात वर जे पान येतं ते बहुतेक वेळा विकिपीडियाचं असतं. ती ते वहीत उतरवून काढते, बाई लाल शाईनं बरोबरची खूण करतात, प्रकल्प संपला. गटाच्या बैठकांमध्ये फिरताना आम्हाला बऱ्याच जणींनी विचारलं, की हे लिहितं तरी कोण? सरकार? एखादी कंपनी? मोठमोठे प्राध्यापक?

उत्तर असं, की कुणीही लिहितं. तुम्हीसुद्धा लिहू शकता. पगार नाही, मानधन नाही, प्रवासखर्चही नाही. आणि गंमत म्हणजे ज्यांनी लिहावं असं आपल्याला वाटेल, त्या विद्वान मंडळींचं आणि या विकिपीडियाचं अनेकदा जोरात भांडण झालेलं आहे. ते भांडण कशावरून, हे आज बघायचंय. आपल्याला त्याचं काय, असं वाटेल. पण तज्ज्ञ कुणाला म्हणायचं आणि कुणाचा शब्द खरा धरायचा, हा प्रश्न आपल्यालाही रोज पडतो.

ज्ञानकोश ही आपल्याला नवी गोष्ट नाही. शंभर वर्षांपूर्वी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मराठीत २३ खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ काढला. अजूनही त्यांना ज्ञानकोशकार केतकर म्हणतात. मग वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं, त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. तिथली पद्धत अशी, की त्या विषयाचा जाणकार शोधायचा, त्याच्याकडून नोंद लिहून घ्यायची, दुसऱ्या जाणकारानं ती तपासायची, मग छापायची. काम पक्कं होतं. पण एकेका खंडाला वर्षं लागतात.

विकिपीडियाच्या आधी इंटरनेटवरही हाच प्रयोग झाला होता. २००० साली अमेरिकेत जिमी वेल्स यांच्या कंपनीनं ‘न्युपीडिया’ नावाचा कोश सुरू केला. संपादक होते लॅरी सँगर, तत्त्वज्ञान शिकलेले. लेख तज्ज्ञांनी लिहायचा आणि तो सात पायऱ्यांच्या तपासणीतून जायचा. परिणाम काय झाला? तीनेक वर्षांत तयार झालेले लेख दोन डझनांच्या आसपास! मधल्या काळात, १५ जानेवारी २००१ ला, त्यांनी बाजूला एक कच्चं पान उघडून दिलं होतं, की इथं कुणीही लिहा, चांगलं असेल ते पुढं घेऊ. ते कच्चं पान म्हणजे विकिपीडिया. पोटखोलीत ठेवलेल्या भाडेकरूनं सगळं घर व्यापावं तसं झालं. मूळ न्युपीडिया बंद पडला. मराठीतला विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी.

सँगर २००२ मध्येच बाहेर पडले होते. २००४ च्या शेवटी त्यांनी जाहीर लिहिलं, की इथं तज्ज्ञांना मान नाही, आणि हीच या कामाची मोठी खोट आहे. पुढं त्यांनी ‘सिटिझेंडियम’ नावाचा वेगळा कोश काढला. खऱ्या नावानं लिहायचं, वाद झाला तर तज्ज्ञाचा शब्द शेवटचा, असा तिथला नियम. तो काही फार चालला नाही. म्हणजे हे भांडण बाहेरच्यांनी लावलेलं नाही, घरातूनच सुरू झालंय.

आता तिथले नियम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. कुणीही पान बदलू शकतं, पण केलेला प्रत्येक बदल तारखेसकट जपला जातो, आणि दुसरं कुणीही तो बदल उलटवू शकतं. आपलं मत लिहायचं नाही. आपण स्वतः लावलेला नवा शोध लिहायचा नाही. जे लिहाल त्याला छापील किंवा भरवशाचा आधार द्यायचा, म्हणजे पुस्तक, वर्तमानपत्र, अभ्यासकांचं नियतकालिक असं काहीतरी. तुमची डिग्री कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की हे लिहिलंय कुठं?

आणि याच प्रश्नाला एक प्राध्यापक जाऊन धडकले.

१ मे ला आपल्याकडे झेंडावंदन होतं. महाराष्ट्र दिन असतो आणि कामगार दिनही असतो. पण कामगार दिन त्याच तारखेला का? त्याची गोष्ट अमेरिकेतल्या शिकागो शहरातली आहे. १८८६ साली १ मे ला तिथल्या कामगारांनी संप केला. मागणी एकच, दिवसाला आठ तास काम. त्यापेक्षा जास्त राबवून घेऊ नका. ३ मे ला एका कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, कामगार मेले. त्याच्या निषेधाची सभा ४ मे ला संध्याकाळी हेमार्केट नावाच्या चौकात भरली. सभा संपत आली असताना पोलीस ती मोडायला आले, आणि गर्दीतून कुणीतरी बॉम्ब फेकला. मग गोळीबार झाला. त्या प्रकारात सात पोलीस मेले, आणि सभेला आलेली साधी माणसंही मेली.

बॉम्ब कुणी फेकला हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. पण आठ जणांवर खटला चालला. हे सरकारच मानत नाही अशा विचारांचे कार्यकर्ते होते, कुणी भाषणं करायचे, कुणी पत्र चालवायचे. सात जणांना फाशीची शिक्षा झाली, एकाला पंधरा वर्षांची कैद. ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघांना फाशी दिली. एकानं आदल्या दिवशी कोठडीतच जीव दिला. दोघांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. १८९३ साली त्या राज्याचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना माफी देऊन सोडलं आणि खटला न्यायानं चालला नाही असं स्पष्ट सांगितलं. फाशी गेलेल्यांपैकी अल्बर्ट पार्सन्स यांच्या पत्नी लुसी पार्सन्स त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत कामगारांच्या सभा गाजवत राहिल्या. त्यांच्यावर एक वेगळा कार्यक्रम करायला हवा. असो.

तर तेव्हापासून पुस्तकांतून असं लिहिलं जात होतं, की या आठ जणांचा बॉम्बशी संबंध जोडणारा कुठलाही पुरावा कोर्टात आलाच नाही. विकिपीडियाच्या पानावरही तेच वाक्य होतं.

ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन स्टेट युनिव्हर्सिटीत टिमोथी मेसर-क्रूस नावाचे इतिहासाचे प्राध्यापक आहेत. ते हाच धडा वर्गात शिकवत होते. पाठ्यपुस्तकातही तेच, पुरावा आलाच नाही. तेव्हा एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, की खटला तर सहा आठवडे चालला, पुरावाच नव्हता तर इतके दिवस कोर्टात बोलत काय होते?

प्राध्यापकांना उत्तर देता आलं नाही. आम्हाला या सगळ्या प्रकरणात ती पोरगी फार आवडते. शंभर वर्षं विद्वान मंडळी एकमेकांचं वाचून तेच लिहीत आली, आणि हा साधा हिशेबाचा प्रश्न तिला पडला. पुढची कित्येक वर्षं प्राध्यापकांनी त्या एका प्रश्नावर घालवली. खटल्याची मूळ कागदपत्रं काढून वाचली. तेव्हा दिसलं, की ११८ साक्षीदार तपासले गेले होते. गुप्त बैठका कशा झाल्या, बॉम्ब कुणाच्या खोलीत तयार झाले, यावर साक्षी होत्या. मेलेल्या पोलिसाच्या अंगातून काढलेला धातूचा तुकडा आणि एका आरोपीच्या घरी सापडलेला बॉम्ब यांचा धातू मिळताजुळता आहे, असं रसायनतज्ज्ञांनीही कोर्टात सांगितलं होतं. तो पुरावा फाशी देण्याएवढा होता का, हा वेगळा प्रश्न. पण पुरावा आलाच नाही, हे म्हणणं चुकीचं होतं.

मग २००९ साली त्यांनी विकिपीडियावर जाऊन ते वाक्य काढून टाकलं. काही मिनिटांत ते पुन्हा जागेवर आलं. कुणीतरी बदल उलटवला होता, आणि खाली लिहिलं होतं, की भरवशाचा आधार द्या. प्राध्यापकांनी कोर्टाच्या कागदांचा आधार दिला. ते म्हणाले, मूळ कागद चालणार नाहीत, ते वाचून अभ्यासकांनी काय लिहिलंय ते दाखवा. प्राध्यापकांनी स्वतःचा छापून आलेला लेख दाखवला. तर उत्तर आलं, की तुम्ही एकटे, बाकी सगळे इतिहासकार वेगळं सांगतात, एकट्याच्या मताला एवढी जागा देता येत नाही. इथं आम्ही खरं काय ते ठरवत नाही, छापून आलेलं काय ते सांगतो. बहुतेक पुस्तकांत चुकीचं असेल तर आमच्याकडेही चुकीचंच येणार.

प्राध्यापक थांबले. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, त्यांचं या खटल्यावरचं पुस्तक निघालं. आता तर पुस्तक आहे, म्हणून त्यांनी पुन्हा बदल केला. या वेळी तो पाच मिनिटं टिकला. कुणा एकानं त्यांना असंही सुनावलं, की एक सोडून बाकी सगळ्या इतिहासकारांनी त्या वर्षी आकाश हिरवं होतं असं लिहिलं असेल, तर आम्हीही बहुतेकांच्या मते हिरवं, एकाच्या मते निळं, असंच लिहिणार. आधीच्या खेपेला तर प्राध्यापकांना पान बिघडवणारा असाही शब्द ऐकावा लागला होता. ज्यानं इतकी वर्षं त्या एका खटल्याचे कागद चाळले, त्याला!

हे वाचून पहिल्यांदा आमचाही संताप झाला होता. पण थोडं थांबून आपल्या गटाचा विचार करा.

आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र काय? नियमित दप्तर. समजा, एखादी ताई म्हणाली, मी मागच्या महिन्याचा कर्जाचा हप्ता भरला होता. बाई खरी आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्या पासबुकात नोंद नाही, कर्ज खतावणीत नाही, त्या बैठकीच्या इतिवृत्तातही नाही. आपण तो हप्ता धरतो का? नाही धरत. आणि उद्या सरपंचांच्या घरची सून तेच म्हणाली, तरी धरत नाही. यात कुणाचा अपमान नसतो. उलट वहीपुढं थोरामोठ्यांची सून आणि मजुरीला जाणारी बाई एका ओळीत बसतात. ज्या गटात अध्यक्षांच्या तोंडी शब्दावर कर्ज सुटतं, तो गट किती दिवस टिकतो हे तुम्हीच सांगा.

विकिपीडियाचंही तसंच आहे. तिथं समोरचा माणूस दिसत नाही. मी प्राध्यापक आहे असं कुणीही लिहू शकतं. आणि लिहिलंही! इंग्रजी विकिपीडियावर एक मोठ्या अधिकाराचा स्वयंसेवक होता. धर्मशास्त्राचा प्राध्यापक, डॉक्टरेट केलेला, असं तो सांगायचा आणि वादात त्या जोरावर आपलं म्हणणं रेटायचा. अमेरिकेतल्या नामांकित ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकानंही २००६ मध्ये त्याला प्राध्यापक म्हणून छापलं. २००७ मध्ये उघड झालं, की तो २४ वर्षांचा तरुण आहे आणि यातली एकही पदवी त्याच्याकडे नाही. तुम्ही कोण आहात ते सोडा, आधार दाखवा, हा नियम किती कामाचा आहे ते अशा वेळी कळतं.

मग शिकागोच्या बाबतीत चुकलं कुठं? आमच्या मते, प्राध्यापक नुसता शब्द घेऊन आले नव्हते. ते पासबुक हातात घेऊन आले होते! आणि त्यांना सांगितलं गेलं, की आम्ही पासबुक बघत नाही, ऑडिटचा अहवाल आणा. बरं, यालाही कारण आहे. तिथं काम करणारा कुणी बँकेत कारकून असेल, कुणी कॉलेजचं पोरगं. सव्वाशे वर्षांपूर्वीचे कोर्टाचे हजारो कागद त्यानं कसे तपासायचे? मूळ कागदातलं एखादंच वाक्य उचलून कुणी भलताच अर्थ लावला, तर त्याला कळणार कसं? म्हणून ते म्हणतात, जाणकारांनी वाचून, तपासून, छापलेलं आणा. इथपर्यंत ठीक. पण प्राध्यापकांनी नंतर ऑडिटचा अहवालही आणला, पुस्तकच आणलं. तेव्हा निदान, एका इतिहासकाराचं म्हणणं वेगळं आहे आणि ते असं आहे, एवढं तरी पानावर घ्यायला हवं होतं. त्यांच्याच नियमात ते बसत होतं. पुस्तक वाचायला पाच मिनिटं पुरत नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्राध्यापकांच्या मांडणीवर त्यांच्याच क्षेत्रातल्या इतर जाणकारांनी आक्षेप घेतले आहेत. कोर्टात आलेल्या साक्षी खऱ्या कशावरून, तेव्हाच्या पोलिसांवर आणि ज्युरीवर विश्वास ठेवायचा का, असं ते विचारतात. म्हणजे तज्ज्ञ विरुद्ध अडाणी असा हा सरळ सामना नव्हता. तज्ज्ञांतच दोन मतं होती, आणि त्यातलं कोणतं घ्यायचं हे ज्यांनी ठरवायचं ते तज्ज्ञ नव्हते. खरी अडचण ही आहे.

शेवटी फेब्रुवारी २०१२ मध्ये प्राध्यापकांनी उच्च शिक्षणाच्या एका मोठ्या नियतकालिकात ही सगळी हकीकत लिहिली. मग रेडिओवर चर्चा झाली, गाजावाजा झाला, आणि त्यांच्या संशोधनाला त्या पानावर जागा मिळाली. बोभाटा झाल्यावर काम होतं, हे तिथंही खरं दिसतंय.

त्याच वर्षी फिलिप रॉथ या प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीकाराचंही असंच झालं. त्यांची एक कादंबरी कुणावरून सुचली याबद्दल विकिपीडियावर चुकीचं नाव होतं. त्यांनी कळवलं, की मीच लेखक आहे, मला माहीत आहे. तर उत्तर आलं, की तुमचा शब्द पुरेसा नाही, दुसऱ्या कुणीतरी छापलेलं लागेल. शेवटी त्यांनी ‘न्यूयॉर्कर’मधून लांबलचक जाहीर पत्र लिहिलं. ते छापून आलं म्हणजे आधार झाला! आपल्याकडे हयातीचा दाखला मागतात, समोर माणूस उभा असला तरी. त्यातलीच ही तऱ्हा.

पण मैत्रिणींनो, प्राध्यापक काय, कादंबरीकार काय, त्यांना लिहायला नियतकालिकं आहेत, छापायला प्रकाशक आहेत. ज्यांच्याबद्दल कुणी काही छापतच नाही त्यांचं काय? आम्हाला या नियमाची धार तिथं जास्त लागते.

२ ऑक्टोबर २०१८. आपल्याकडे गांधी जयंती. त्या दिवशी भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. तिघांमध्ये एक बाई होत्या, कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या डोना स्ट्रिकलंड. अतिशय थोडा वेळ टिकणारा पण फार ताकदीचा लेझर किरण कसा तयार करायचा, याची युक्ती त्यांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी १९८५ मध्ये काढली. डोळ्यांच्या लेझर शस्त्रक्रियेत तिचा उपयोग होतो. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या जगातल्या तिसऱ्या बाई. पहिल्या मेरी क्युरी १९०३ मध्ये, दुसऱ्या मारिया गोपर्ट मायर १९६३ मध्ये. तिसरीला ५५ वर्षं लागली.

बातमी आल्यावर लोकांनी मोबाईलवर नाव टाकून बघितलं. विकिपीडियावर या बाईंचं पानच नव्हतं. ज्यांना त्यांच्याबरोबर नोबेल मिळालं, त्या दोघा पुरुषांची पानं आधीपासून होती. अधिक शोधल्यावर कळलं, की त्याच वर्षी कुणीतरी स्ट्रिकलंड यांच्यावर लेख लिहून पाठवला होता, आणि मे महिन्यात तो परत पाठवला गेला होता. कारण? या व्यक्तीची दखल घ्यावी असं दाखवणारे पुरेसे स्वतंत्र आधार नाहीत. मराठी विकिपीडियावर याला उल्लेखनीयता म्हणतात. नोबेल जाहीर झाल्यावर काही तासांत पान तयार झालं. बाईंनी काम केलं १९८५ ला, आणि उल्लेखनीय ठरल्या २०१८ ला.

टीका झाल्यावर विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांनी उत्तर दिलं. त्याही बाईच, कॅथरिन मार. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही आरसा आहोत. वर्तमानपत्रं आणि पुस्तकं बायकांवर लिहीत नाहीत, मग आमच्याकडे आधार येणार कुठून? म्हणणं खोटं नाही. पण आरशाला काही तोंड धुता येत नाही, आणि विकिपीडिया तर माणसं लिहितात. त्या वेळी इंग्रजी विकिपीडियावर जेवढ्या व्यक्तींची चरित्रं होती, त्यातली शंभरात जेमतेम १८ बायकांची होती. काही जणींनी २०१५ पासूनच यावर काम धरलं होतं. विकिपीडियावर ज्या नावाचं पान नसतं ते लाल अक्षरात दिसतं आणि पान झालं की निळं होतं. म्हणून त्यांनी आपल्या कामाला नाव दिलं ‘विमेन इन रेड’, म्हणजे लाल अक्षरांतल्या बायका. एकेका बाईचे छापील आधार शोधायचे आणि नाव निळं करायचं.

आता आपल्याकडे या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण वालाच्या, भाताच्या, भाज्यांच्या गावरान वाणांची इतकी जाण, की कृषी विद्यापीठाची माणसं त्यांच्याकडे बघायला येतात. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आज त्यांच्यावर लिहायला हवे तेवढे आधार आहेत. पण त्याच्या आधी? बियाणं तेच होतं, बाई तीच होती, जाणही तीच होती. मात्र तेव्हा आसपासच्या गावांतल्या शंभर बायांनी उभं राहून सांगितलं असतं, तरी विकिपीडियाच्या नियमात त्याला आधार म्हटलं गेलं नसतं. तज्ज्ञ म्हणजे नेहमी विद्यापीठातलाच असतो असं नाही. प्राध्यापकांचं निदान भांडण तरी झालं. राहीबाईंसारख्या किती जणींचं नाव लाल अक्षरातही कुठं नाही.

यावर कुणी काही करून पाहिलं नाही असं नाही. भारतातले अचल प्रभाला विकिपीडियाच्या कामात होते. त्यांनी २०११ मध्ये ‘पीपल आर नॉलेज’, म्हणजे माणसं हेच ज्ञान, अशा नावाची फिल्म केली. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत त्यांची मंडळी गावोगाव गेली. गावातले खेळ, खाणंपिणं, रीतीभाती यांच्याबद्दल लोकांना बोलतं केलं आणि ते बोलणं टेप केलं. मग लेख लिहून खाली पुस्तकाच्या नावाऐवजी त्या आवाजाचा आधार दिला. विचार मोठा चांगला होता. पण हरकत आली, की टेपमधली बाई खरं बोलते हे तपासणार कोण? हा तर स्वतःच लावलेला शोध झाला, आपल्या नियमात बसत नाही. ही हरकतही अगदीच फालतू नाही. गावात एकाच प्रथेच्या चार आळ्यांत चार कथा असतात, हे आपण जाणतो. छापील आधार मागण्याचा नियम काही त्यानं बदलला नाही.

आमचं मत विचाराल तर नियम ठेवावा, पण नियम चालवणाऱ्यानं थोडं थांबून वाचायला शिकावं. आणि आधार म्हणजे फक्त मोठ्या शहरातलं इंग्रजी पुस्तक, ही समजूत सोडावी. तालुक्याच्या वर्तमानपत्रातली बातमी, जिल्ह्याचं गॅझेटियर, मराठी मासिकातला लेख, हेही आधारच आहेत. आणि मराठी विकिपीडियावर ते द्यायचे तर मराठी वाचणारी माणसंच हवीत.

आता थोडं वापराचं. विकिपीडियाचं पान उघडलं, की वाक्यांच्या शेवटी बारीक आकडे दिसतात. त्या आकड्यावर बोट ठेवलं की आधार कुठला ते कळतं. जिथं आकडा नाही, किंवा ‘संदर्भ हवा’ असं लिहिलंय, ते वाक्य पोरांना वहीत उतरवू देऊ नका. वरती ‘इतिहास पहा’ असं असतं, तिथं कुणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं, अगदी आपल्या इतिवृत्तासारखं. शेजारी ‘चर्चा’ असतं, तिथं भांडणं वाचायला मिळतात. काही पानांपेक्षा ती भांडणंच जास्त शिकवून जातात! आजार आणि औषधाची माहिती मात्र तिथून वाचून घरी उपाय करू नका, त्यासाठी आशाताई आहेत, आरोग्य केंद्र आहे.

आणि ज्या गटांना आपल्या गावाबद्दल किंवा गावातल्या एखाद्या बाईच्या कामाबद्दल तिथं काही असावं असं वाटतं, त्यांनी आधी कागद गोळा करावेत. वर्तमानपत्रातली बातमी कापून ठेवताना बऱ्याच जणी फक्त फोटोचा भाग कापतात आणि वर्तमानपत्राचं नाव, तारीख कात्रीखाली जाते. मग ते कात्रण आधार म्हणून देता येत नाही. नाव, तारीख, पान क्रमांक मागच्या बाजूला पेनानं लिहून ठेवा. आपणच आपल्या प्रभाग संघाच्या स्मरणिकेत स्वतःबद्दल लिहिलेलं तिथं फारसं धरत नाहीत, बाहेरच्या कुणीतरी लिहिलेलं लागतं. म्हणून मेळावा असला, बियाण्याचं किंवा खाद्यपदार्थांचं प्रदर्शन असलं, की तालुक्याच्या पत्रकाराला बोलवा आणि पाहुण्यांच्या नावांआधी काम करणाऱ्या बायांची पूर्ण नावं त्यांच्या हातात लिहून द्या. नाहीतर बातमीत अमक्यांच्या हस्ते उद्घाटन एवढंच येतं आणि खाली ‘महिला मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’.

पुढच्या बैठकीत वसुली आणि दप्तर आटोपलं, की एखादीच्या मोबाईलवर आपल्या तालुक्याचं पान उघडून बघा. किती वाक्यांना आकडा आहे, किती वाक्यांना नाही ते मोजा, आणि त्यात बायकांची नावं किती येतात तेही. आकडे आम्हाला कळवा, कार्यक्रमात वाचून दाखवू.